हार्ड डिस्कचे क्लोनिंग : अपयशाची कारणे व निदान

प्रस्तावना : प्रबंधाची प्रकरणे, क्षेत्रीय अभ्यासातील मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रश्नपत्रिका असे अध्यापकाचे अनेक वर्षांचे काम पुष्कळदा घरच्या संगणकातील एकाच डिस्कवर साठलेले असते. त्या डिस्कवरील सर्व मजकूर कार्यप्रणालीसह जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरविणे म्हणजे क्लोनिंग होय. ते अर्ध्यावर थांबले की तीच प्रक्रिया पुन्हा सुरू करण्याकडे सर्वसामान्य कल असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यात सर्वाधिक धोका आहे. क्लोनिंगमध्ये मूळ डिस्क तासन्‌तास सलग वाचली जाते, आणि निकामी होत चाललेल्या डिस्कला असे एखादे वाचन शेवटचे ठरू शकते.

वाचनातील अडथळे : म्हणून प्रथम अत्यावश्यक फाइली तिसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, निदान त्यानंतर. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. तीत १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याहून अधिक असल्यास दोष बहुधा डिस्कच्या पृष्ठभागाचा समजावा. याउलट १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो आणि अल्प खर्चात प्रश्न सुटतो. पृष्ठभाग खराब असताना ‘चेकडिस्क’ चालविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु प्रत घेण्यापूर्वी तो मानू नये. त्या आज्ञावलीचा हेतू फाइलव्यवस्था दुरुस्त करण्याचा आहे, मजकूर वाचविण्याचा नव्हे. अशा वेळी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ ही मोफत आज्ञावली अधिक उपयुक्त ठरते. ती सुस्थितीतील भाग आधी उतरविते, खराब भागांची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवते व त्यांकडे मागाहून वळते. काम खंडित झाले तरी त्या नोंदीमुळे पुढे चालू करता येते.

क्षमतेतील तफावत : ५०० गिगाबाइटच्या डिस्कची प्रत ४८० गिगाबाइटच्या एसएसडीवर घेताना मजकूर थोडा असूनही नकार मिळतो. विभाजनाची सीमाच नव्या डिस्कच्या बाहेर जात असते. आधी विभाजन लहान करणे हाच उपाय.

प्रत पूर्ण, तरी संगणक सुरू न होणे : हा प्रकार वेगळा असून त्यात मजकुराला सहसा धोका नसतो. एमबीआर रचनेच्या डिस्कची प्रत केवळ यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात चालत नाही. त्यासाठी जीपीटी रचना लागते. (एमबीआरमध्ये पत्ते ३२ बिटांचे असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या डिस्कवर सुमारे २.२ टेराबाइटपुढील जागाही वापरता येत नाही.) विंडोज १० मध्ये २०१७ पासून या रूपांतरासाठी ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन उपलब्ध आहे. काही यूएसबी जोडण्या सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट दाखवितात. अशा जोडणीतून घेतलेली प्रत संगणकात थेट बसविताच रिकामी भासते. ती पुसू नये, त्याच जोडणीतून पुन्हा तपासावी.

दोन्ही डिस्कवर ओळखचिन्ह एकच असल्याने विंडोज त्यांपैकी एकीस बाजूला सारते. यास्तव पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, आणि नव्या डिस्कवरील फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय ती पुसू नये.