कीहोल सर्जरी : छिद्र छोटं, निर्णय मोठा

'यार, मान गेली!' लॅपटॉप मिटताना हे न म्हणणारा डेस्कवाला आता विरळाच. मग एमआरआय होतो, रिपोर्टात 'डिस्क बल्ज' हे शब्द दिसतात आणि झोप उडते. त्यात 'टाके नाहीत, संध्याकाळी घरी' अशा सर्जरीच्या जाहिराती मोहात पाडतात.

माझा एक मित्र मूळचा अंकुशनगरचा. अंबड तालुक्यातलं हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. तो आता पुण्यात आयटीत आहे. कंबरेतून पायात कळ जायला लागली, तेव्हा एका हॉस्पिटलात त्याला पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याने सेकंड ओपिनियन घेतलं, औषधं आणि फिजिओथेरपी केली आणि दोन महिन्यांत तो चालता झाला. म्हणजे सर्जरी वाईट का? मुळीच नाही. प्रश्न फक्त 'कुणाला आणि कधी' हा आहे.

गादी सरकते म्हणजे?

मणक्यांच्या मधे २३ चकत्या असतात. बोलीभाषेत गाद्या. गादीचा मऊ गाभा बाहेर येऊन नस दाबू लागला की कंबरेचं दुखणं पायात उतरतं, मानेचं हातात. पण नुसता बल्ज म्हणजे आजार नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली निघाली!

मेनूमध्ये काय काय?

मायक्रोडिस्केक्टॉमी : मायक्रोस्कोपखाली छोट्या छेदातून गादीचा नस दाबणारा तुकडा काढतात. १९७०च्या दशकात रुळलेली पद्धत.

ट्यूब्युलर : स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारून नळीतून काम. १९९७ पासून गाजलेली.

एंडोस्कोपिक : साधारण सेंटीमीटरभर छेदातून दुर्बीण आत जाते. अनेकदा फक्त भाग बधिर करून, रुग्ण जागा असतानाच.

मानेसाठी कीहोल फोरामिनोटॉमी असते. मागच्या बाजूने नसेची वाट मोकळी करतात. नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन ही आणखी एक पायरी. आराम मिळतो, पण बहुधा तात्पुरता.

छोटं म्हणजे भारी?

तसं सरसकट नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली ३२८ रुग्णांवर तुलना झाली. नळीची पद्धत नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टॉमीपेक्षा सरस ठरली नाही. २०२२ मध्ये तिथल्याच ६१३ रुग्णांच्या अभ्यासात एंडोस्कोपी मात्र कमी पडली नाही. म्हणजे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा.

थांबलं तर? २००७ च्या डच अभ्यासात तीव्र सायटिकाचे २८३ रुग्ण होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांचं दुखणं भराभर उतरलं, पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना अखेर ऑपरेशन करावंच लागलं. टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ मध्ये चार सर्जरी झाल्या, मग २०१९ ला तो मास्टर्स जिंकला. प्रेरणादायी आहेच, पण त्यातला 'चार' हा आकडाही वाचा.

आराम कुणाला परवडतो?

आपण थांबू शकतो. सिक लीव्ह आहे, वर्क फ्रॉम होम आहे. पण अंकुशनगरच्या फडात ऊस तोडून, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या 'कोयत्या'ला सहा आठवडे आराम कसा सांगणार? मुकादमाची उचल डोक्यावर असतेच. मला वाटतं, लवकर बरं करणाऱ्या सर्जरीचा खरा हिशेब इथे लागतो. पण ऑपरेशननंतर पुन्हा तीच मोळी उचलायची असेल, तर नुसती दुर्बीण पुरणार नाही.

सर्जनला हे विचाराच

• माझी लक्षणं आणि एमआरआय जुळतात का?
• सर्जरी केली नाही तर काय होईल?
• ही पद्धत तुम्ही किती वेळा केलीय?
• पुन्हा गादी सरकण्याची शक्यता किती?
• इन्शुरन्समध्ये नेमकं काय बसतं?

आणि हो, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर ही यादी बाजूला ठेवा. तेव्हा थांबायचं नाही. थेट हॉस्पिटल गाठायचं, त्याच दिवशी.