ऊस नोंदीची यादी संगणकावर वाचता येत नसेल तर



इनामगाव भागातील आडसाली लागणीची यादी आमच्याकडे टेक्स्ट फाईलने आली. वर्डमध्ये उघडली, तर नावे व तारखा यांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे! लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो. तारीख चुकली तर उभा ऊस मागे राहतो. आता बरेच सभासद घरी संगणक वापरतात, म्हणून हे लिहितो.

संगणक अक्षर नव्हे, आकडे साठवतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते. जुन्या इंग्रजी पद्धतीने वाचले की एकाची तीन भलती चिन्हे दिसतात. फाईल बिघडलेली नसते, वाचणारा चुकतो.

उपाय असा :

१) टोप्यांची अक्षरे दिसली, तर सेव्ह न करता फाईल बंद करा. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली फाईल उघडताना रूपांतर विचारण्याची खूण करा. पुन्हा उघडताना ‘एन्कोडेड टेक्स्ट’ व नंतर ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा.

२) साधी इंग्रजी अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसली, तर मजकूर बहुधा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला असतो. टेक्स्ट फाईलमध्ये फॉन्टचे नाव राहत नाही. पाठवणाऱ्याला विचारून तोच फॉन्ट लावा, मग युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

३) नुसते चौकोन दिसले, तर मंगल किंवा निर्मला फॉन्ट लावून पाहा.

४) नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र त्या प्रतीतली अक्षरे बहुधा गेलीच. मूळ फाईल शोधा.

ही चौथी चूक मी स्वतः केली. यादी नीट उघडली, पण सेव्ह करताना ‘विंडोज डिफॉल्ट’ तसेच राहू दिले. इशारा आला होता, तरी घाईत ‘ओके’ दाबले. पुन्हा उघडली तर सगळी प्रश्नचिन्हेच! मूळ फाईल पेनड्राईव्हवर होती म्हणून निभावले. नाहीतर चिटबॉयच्या वहीवरून सगळे पुन्हा लिहावे लागले असते.

आपल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथे एकेक थर जपून उकलला, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीची घरे कळली. फाईलचेही तसेच. मूळ प्रत हलवू नका, नक्कल करून तिच्यावर काम करा.

आणि सभासदांनी लागण नोंदीची कागदी पावती जपून ठेवावी. तिला कुठलाच फॉन्ट लागत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी