चारीतलं पाणी तासांवर नको, घनमीटरवर मोजा

कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीवर वाटणी बहुतेक तासांच्या हिशेबाने होते. पण तास म्हणजे पाणी नव्हे. चारीतला प्रवाह मोजायला बसवलेल्या 1 फूट गळ्याच्या पार्शल फ्ल्यूममध्ये वरच्या बाजूच्या मोजपट्टीवर 1 फूट पाणी दिसलं, तर सेकंदाला 4 घनफूट, म्हणजे सुमारे 113 लिटर पाणी जातं. पट्टीवर अर्धा फूट असेल तर जेमतेम 39 लिटर. उंची निम्मी, पाणी मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास! घड्याळ दोन्ही वेळा तोच तास दाखवतं आणि मार बसतो शेपटाकडच्या शेतकऱ्याला. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यायचं ठरवलं, ते म्हणूनच रास्त आहे.

फ्ल्यूम गाळाने भरतो, असं काहीजण म्हणतात. पार्शलच्या गळ्यात तळ उतरता असतो, तिथे वेग वाढतो आणि गाळ बराचसा पुढे निघून जातो. व्ही-नॉच म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या मोजबांधामागे मात्र तो साचतोच. जास्त घोळ होतो तो खालच्या बाजूला गवत माजून पाणी तुंबलं की. तिथली उंची वरच्या उंचीच्या 70 टक्क्यांपलीकडे गेली, तर एकट्या वरच्या पट्टीवरून काढलेला प्रवाह प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो आणि न मिळालेल्या पाण्याची पाणीपट्टी भरावी लागते. तेव्हा आवर्तनाआधी फ्ल्यूमखालची चारी साफ करा, आणि पट्टीचं वाचन पाटकऱ्याबरोबर संस्थेच्या वहीतही रोज लिहा.