कातामार्काच्या वेळेवर

सकाळी ६. नागपुरात उजाडतं तेव्हा अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तिथल्या खाण खात्याने दिवसभरात लिथियम कराराच्या मसुद्यात केलेल्या दुरुस्त्या मेलमध्ये आलेल्या असतात. चहाबरोबर मी त्याच वाचते.

बोलणी प्रांताशी चालतात. १९९४च्या घटनादुरुस्तीने तिथली नैसर्गिक संपत्ती प्रांतांच्या मालकीची ठरली, त्यामुळे ब्युनोस आयर्सला कितीही हेलपाटे घातले तरी लिथियमचा हक्क मिळतो तो प्रांताकडूनच. १५ जानेवारी २०२४ रोजी भारत सरकारच्या ‘काबिल’ या कंपनीने याच प्रांताच्या ‘कामयेन’ कंपनीशी करार करून पाच ब्लॉकमधले १५,७०३ हेक्टर मिळवले. ‘काबिल’च्या भागीदारांपैकी एमईसीएल ही कंपनी नागपूरचीच. आमची कंपनी त्या मानाने फार लहान, पण वाट तीच.

९.३०. भूशास्त्रज्ञांची बैठक. दिवसातला हा वेळ मी कुणालाही देत नाही. तिथलं लिथियम उंच पठारावरच्या मिठागरांखालच्या खाऱ्या पाण्यात आहे. लिटरमागे ते किती मिलिग्रॅम, सोबत मॅग्नेशियम किती, हे आधी पाहायचं. मॅग्नेशियम जास्त असलं की ते वेगळं काढण्याचा खर्च चढतो. त्याहून अवघड प्रश्न हद्दीचा. नकाशावर पट्ट्याच्या रेषा सरळ आखलेल्या असतात, पाणी त्या पाळत नाही. शेजाऱ्याने पंप लावला तर आमच्या खालचं पाणी तिकडे जाईल, आम्ही लावला तर उलट. आणि कडेला जे थोडं गोडं पाणी असतं, त्यावर लामा आणि मेंढ्या पाळणारी माणसं जगतात.

दुपारी दिल्लीला फोन. परदेशी गुंतवणुकीची कागदपत्रं, बँक, सल्लागारांची बिलं. जेवण टेबलावरच.

३.३०. तिकडे सकाळचे सात. दुभाषी मॅडम आल्या की आम्ही मसुदा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचतो.

५.३०. प्रांताच्या अधिकाऱ्यांशी मुख्य बैठक. आज रॉयल्टी. १९९३च्या कायद्याने ती खाणीच्या तोंडाशी असलेल्या किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंत बांधली होती. म्हणजे विक्रीच्या किमतीतून प्रक्रिया, वाहतूक वगैरे खर्च वजा करायचा आणि उरेल त्यावर टक्के मोजायचे. टक्क्यांवर कुणी भांडत नाही. भांडण आहे ते काय वजा करायचं यावर. कंपन्या स्वतःच्याच परदेशी शाखेला स्वस्तात माल विकतात, हा संशय तिथे जुना आहे. म्हणून २०२२मध्ये सीमाशुल्क खात्याने लिथियम कार्बोनेटला किलोमागे ५३ डॉलरची संदर्भ किंमत लावली. आमचे हिशेबनीस वजावटीची यादी लांबवू पाहतात. मी ती आखूड करायच्या बाजूची आहे. ज्या प्रांताला आपण फसलो असं वाटतं, तो पुढच्या निवडणुकीनंतर करार पुन्हा उघडतो.

७.३०. पाणी. ओम्ब्रे मुएर्तो मिठागरावर १९९७पासून उत्पादन चालू आहे, आणि तिथल्या त्रापिचे नदीकाठची कुरणं वाळली. मार्च २०२४मध्ये प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने लोस पातोस नदीच्या भागात नवे परवाने थांबवले: सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम आधी तपासा. हा आदेश मी अधिकाऱ्यांपुढे ठेवते. पहिल्या पंपाआधी बारा महिने पाण्याची पातळी मोजायची, आकडे गावाला खुले करायचे, अशी आमची मागणी आहे. अधिकारी विचारतात, “कंपनीच उशीर का मागतेय?” मी सांगते की आधीची पातळी नोंदलेली नसेल तर पुढे वाळलेलं प्रत्येक कुरण आमच्या नावावर येईल, आणि आमच्यामुळे वाळलेलंही सिद्ध होणार नाही. दोन्ही अन्यायच.

९.३०. तिकडे दुपारचा एक; कार्यालय उठतं. वजावटीची यादी अर्ध्यावर राहिली. बारा महिन्यांना त्यांनी होकार दिला, पण मोजणीचा खर्च आमच्याकडे.

१०.१५. संचालकांना टिपण लिहिते: खर्च मान्य करावा. बारा महिन्यांच्या मोजणीचं कलम गाळून मसुदा आला, तर त्यावर माझी शिफारस असणार नाही.