वाहतुकीच्या योजनेंत लोकांचा जबाब

शेतकरी बंधूंस माल पिकविण्याइतकीच तो वेळेवर बाजारीं पोहोंचविण्याची चिंता असते. तथापि रस्ता कोठून न्यावा, मोटार कोठें थांबवावी, हें ठरवितांना त्यांचा जबाब क्वचितच घेतला जातो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रस्तुत लेखकानें एक प्रकरण पाहिलें. तालुक्यांतील एका खेड्याचा रस्ता कचेरींत बसून आंखला गेला. कागदावर तो जवळचा दिसे. परंतु ज्या ओढ्यांतून तो नेला, तो ओढा श्रावणांत चार चार दिवस उतार देत नाहीं, हें गुराख्याच्या पोरासही ठाऊक होतें. त्या पोरास कोणी विचारलें नाहीं. आणि मीं तरी कागदावर शेरा कोठें मारला? रस्ता झाला, व बैलगाड्या पूर्वीच्याच फेऱ्याच्या वाटेनें जात राहिल्या.

ह्या दोषावर अलीकडे एक उपाय निघाला आहे. तो असा कीं, मोबाईल फोन व इंटरनेट ह्यांच्या द्वारें पुष्कळ लोकांकडून थोडी थोडी माहिती गोळा करावयाची, आणि ती एकत्र करून मग योजना आंखावयाची. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरानें भाड्याच्या सायकलींचे तळ कोठें असावेत हें 2011 सालीं लोकांस ह्याच रीतीनें विचारलें, तेव्हां दहा हजारांवर सूचना आल्या. परंतु आपणांस अधिक जवळचें उदाहरण केनिया देशांतील नैरोबी शहराचें आहे.

तेथील सामान्य लोक ‘मटाटू’ नांवाच्या खासगी गाड्यांतून प्रवास करितात. आपल्याकडील वडापाची ही बहीणच समजावी. मालक अनेक, मार्ग अनेक, आणि सर्व मार्गांचा एकत्र असा धड नकाशा कोठेंच नव्हता. नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठ व एम्. आय. टी. येथील मंडळींनीं हें काम अंगावर घेतलें. विद्यार्थी फोन घेऊन मटाटूंत बसले, व गाडी कोणत्या वाटेनें गेली, कोठें थांबली, तें नोंदवीत गेले. उपग्रहांच्या साह्यानें फोनास जागा कळते, म्हणून सांखळी ओढीत मोजणी करण्याचें कारण पडलें नाहीं. 2014 सालीं 130 हून अधिक मार्गांचा नकाशा प्रसिद्ध झाला, आणि शहराच्या अधिकाऱ्यांनीं तो अधिकृत म्हणून स्वीकारला. जें ज्ञान चालकांच्या व उतारूंच्या डोक्यांत होतें, तें दप्तरीं दाखल झालें, इतकाच ह्याचा अर्थ. पण तो लहान नव्हे.

आपल्या देशांत प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठीं 2015 सालीं ‘मेरी सडक’ ही सोय निघाली. खड्ड्याचें छायाचित्र फोनावरून पाठवितां येतें. सोय चांगली खरी, परंतु ती चालू वा झालेल्या कामाची तक्रार होय. होणाऱ्या रस्त्याविषयींचा सल्ला नव्हे. ह्या कामीं 2004 सालीं इंग्लंडांत सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ अधिक उपयोगी वाटतो. त्यावर कोणासही आपल्या गांवची वाट काढितां येते. गांवनकाशावर तुटक रेषांनीं दाखविलेल्या किती गाडीवाटा आज बांधाखालीं गेल्या आहेत, हें जाणत्यांस सांगणें नको.

एक सावधगिरी मात्र राखावी. फोन बहुधा तरुण पोरांच्या हातीं असतो. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहांटे निघणाऱ्या बाईची वाट त्या नकाशावर कोण काढणार? शिवाय एका वाडीच्या शंभर खुणा दुसरीच्या दोन खुणांवर सहज मात करितात. ह्यास्तव असा नकाशा ग्रामसभेंत भिंतीस लावून, बायामाणसांस विचारून, मग जागेवर जाऊन पाहणी करावी. आम्ही जबाब घेतल्यावर पंचनामा करीत असूं, तो उगाच नव्हे.

गेल्या ज्येष्ठांत पुतण्यास बरोबर घेऊन मीं त्या खेड्यास गेलों. फेऱ्याची जुनी गाडीवाट आम्हीं चालत चालत नकाशावर काढली, व नव्या रस्त्यावर ओढ्याच्या जागीं ‘पावसाळ्यांत बंद’ अशी नोंद केली. गुराख्याचें तें पोर आतां बापा झालें आहे. वळण कोठें घ्यावयाचें तें त्यानेंच दाखविलें.