'घरी वातावरण नाही' : कौटुंबिक जीवन, अध्ययन आणि भावनिक विकास

प्रस्तावना

विद्यार्थ्याच्या अपयशाची मीमांसा करताना शिक्षकवर्गात एक वाक्य वारंवार उच्चारले जाते : 'त्याच्या घरी शिक्षणाचे वातावरण नाही.' बालवाडीपासून महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षापर्यंत हे वाक्य ऐकू येते. त्यात सहानुभूती असते; परंतु व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो की, विद्यार्थ्याची जबाबदारी संस्थेकडून घराकडे सरकते आणि विषय तेथेच संपतो. 'वातावरण' म्हणजे नेमके काय, पालकांचे शिक्षण, पैसा, पुस्तके, जागा, बोलणे की माया, हे क्वचितच स्पष्ट केले जाते. प्रस्तुत लेखात कौटुंबिक जीवनाचे हे घटक वेगवेगळे करून, ते मुलांच्या अध्ययनावर व भावनिक विकासावर कसे परिणाम करतात आणि त्यांपैकी कोणते आर्थिक स्थितीशी बांधलेले आहेत व कोणते नाहीत, याचा विचार केला आहे.

घर आणि शाळा : एक जुना वाद

अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेल्या या अहवालाने असे दाखविले की, विद्यार्थ्यांच्या संपादनातील फरकाशी शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक आहे. यावरून 'शाळेने फारसे काही साधत नाही' असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला. पुढे १९८३ साली हाइनमन व लॉक्सली यांनी २९ देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळेच्या व शिक्षकाच्या गुणवत्तेचा प्रभाव तुलनेने मोठा असल्याचे आढळले. ज्या समाजात घराकडे साधने कमी, तेथे शाळेवरील जबाबदारी अधिक, असा याचा भारतीय संदर्भातील अर्थ होतो. घराचा प्रभाव मान्य करणे म्हणजे शाळेला मोकळे करणे नव्हे.

१. प्रतिसाद आणि भावनिक सुरक्षितता

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल व त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील आसक्तीबंधाची उपपत्ती मांडली. मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडातील खेड्यांत व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व बालके यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून तिला आधार दिला. या संशोधनाचे सार असे की, मूल रडले, घाबरले वा काही दाखवू लागले असता त्याला वेळेवर व सातत्याने प्रतिसाद मिळाला, तर ते सांभाळणाऱ्या व्यक्तीला सुरक्षित आधार मानते आणि त्या आधारावरून निर्धास्तपणे परिसराचा शोध घेऊ लागते. जिज्ञासा आणि सुरक्षितता यांचे नाते असे जवळचे आहे. भीतीच्या छायेत वावरणाऱ्या मुलाचे लक्ष धोक्याकडे लागलेले असते. पाठाकडे द्यावयाचे अवधान त्याच्यापाशी उरत नाही.

हा प्रतिसाद केवळ आईनेच दिला पाहिजे, असे नाही. आजी, काका-काकू, मावशी, मोठी बहीण अशा अनेकांच्या हाती वाढणारे मूल आपल्याकडे नवीन नाही. एमी वर्नर यांनी हवाई बेटसमूहातील कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, पालकांचे आजार वा व्यसन अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांच्या बाबतीत ठळकपणे आढळलेली एक गोष्ट म्हणजे जिव्हाळ्याने व खात्रीने पाठीशी उभी राहणारी निदान एक प्रौढ व्यक्ती. ती व्यक्ती नातेवाईक असू शकते, तशीच शिक्षकही असू शकते.

२. घरातील संवाद

व्हिगॉट्स्की यांच्या मते उच्च मानसिक क्रिया प्रथम माणसामाणसांत घडतात आणि नंतर व्यक्तीच्या मनात रुजतात. मूल आधी दुसऱ्याशी बोलत विचार करते, मग स्वतःशी. त्यामुळे घरातील बोलणे हे विचाराचे पहिले शिक्षण ठरते.

या संदर्भात बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांचा १९९५ चा अभ्यास नेहमी उद्धृत केला जातो. अमेरिकेतील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून, चौथ्या वर्षापर्यंत गरीब व सधन घरांतील मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींचा फरक पडतो, असा अंदाज त्यांनी मांडला. मात्र, नमुना अतिशय लहान असणे, घरातील इतर माणसांचे व मुलासमोर होणारे बोलणे न मोजणे, या कारणांनी त्यावर टीका झाली. २०१८ साली रेचेल रोमिओ व सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षे वयाच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. त्यात कानी पडलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा मूल व प्रौढ यांच्यातील बोलण्याच्या देवाणघेवाणीचा मेंदूतील भाषिक क्रियेशी अधिक संबंध दिसला. आणि तो कुटुंबाच्या आर्थिक-सामाजिक स्तरावर अवलंबून नव्हता. मुलाने प्रश्न विचारावा आणि कोणीतरी थांबून उत्तर द्यावे, हे भाकरी थापताना, निंदणी करताना किंवा एस.टी.ची वाट पाहतानाही घडू शकते. उलट, सुशिक्षित घरात प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये गुंतला असेल, तर तेथे ते घडणार नाही.

येथे भाषेचा प्रश्नही लक्षात घेतला पाहिजे. वारली, कोरकू, पावरी, गोंडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या घरी संवाद भरपूर असतो. परंतु तो पाठ्यपुस्तकाच्या प्रमाण मराठीत नसतो. शाळेला ऐकू येत नाही, म्हणून तो संवाद नाहीच असे ठरविणे अन्यायाचे आहे.

३. दिनक्रम, जागा आणि स्थैर्य

पुरेशी झोप, जेवणाची ठरावीक वेळ, बसण्यापुरती जागा, उजेड आणि उद्याही आपण येथेच असणार ही खात्री या गोष्टी साध्या वाटतात; परंतु अध्ययन त्यांवरच उभे असते. प्रतिसाद व संवाद यांना पैसा लागतोच असे नाही. हा घटक मात्र उपजीविकेशी थेट बांधलेला आहे.

महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे हे याचे ठळक उदाहरण होय. बीड व आसपासच्या दुष्काळप्रवण भागातील जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मूल सोबत नेले, तर ऐन शैक्षणिक वर्षात शाळा तुटते आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते. मागे ठेवले, तर वृद्ध आजी-आजोबांच्या भरवशावर त्याला पाच-सहा महिने आई-वडिलांविना काढावे लागतात. पहिला पर्याय अध्ययनाची किंमत मागतो, दुसरा भावनिक. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे यावर योजलेले उपाय होत. अशा घराविषयी 'पालकांना शिक्षणाची किंमत नाही' असे म्हणणे म्हणजे उपजीविकेच्या व्यवस्थेतील दोष पालकांच्या मनोवृत्तीवर ढकलणे होय.

४. शिस्त आणि अपेक्षा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींचे वर्गीकरण केले. केवळ धाक दाखविणारे आणि पूर्ण मोकळीक देणारे, या दोहोंपेक्षा माया व ठाम अपेक्षा यांचा मेळ घालून नियमांची कारणे सांगणारे पालकत्व मुलांच्या आत्मनियंत्रणास व आत्मविश्वासास पोषक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संस्कृतीनुसार धाक व माया यांचे अर्थ बदलतात, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले. तरीही अपमान आणि सततची तुलना यांचे समर्थन त्यातून होत नाही.

शिक्षणहक्क कायदा, २००९ याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे; घराच्या उंबरठ्याआड मात्र त्याची व्याप्ती नाही. दहावी-बारावीच्या गुणांवर घराची प्रतिष्ठा तोलली जाते, तेव्हा पुस्तके, शिकवणी व स्वतंत्र खोली असूनही मूल अपयशाच्या भीतीने ग्रासलेले असते. म्हणजेच 'शिक्षणाचे वातावरण' असलेले घरही भावनिक विकासास मारक ठरू शकते.

५. घरातील अनोळखी ज्ञान

लुइस मॉल व सहकाऱ्यांनी १९९२ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथील मेक्सिकन श्रमिक कुटुंबांच्या अभ्यासातून घरांतील 'ज्ञाननिधी'ची कल्पना मांडली. शेती, बांधकाम, औषधोपचार, देवघेव यांचे मोठे ज्ञान या घरांत होते. शाळेला त्याची दखल नव्हती. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे येथे फेरीविक्री करणाऱ्या पाच मुलांच्या अभ्यासात, बाजारातील हिशेब ९८ टक्के अचूक करणारी मुले तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने दिल्यावर ३७ टक्केच अचूक करू शकली. दिल्ली व कोलकाता येथील बाजारांतील मुलांविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच आढळले. शिवाय केवळ शाळेत शिकलेली मुले बाजारातील हिशेबात मागे पडली. घरचे व कामाचे ज्ञान आपोआप शालेय ज्ञानात रूपांतरित होत नाही. मधला पूल अध्यापनानेच बांधावा लागतो.

घर आणि शिक्षण यांतील अंतर कमी करता येते का?

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देणारी दोन उदाहरणे येथे पाहता येतील. जमैकातील किंग्स्टन येथे सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर व सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास केला. काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन, घरातील साध्या वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व बोलावे, हे आईला दाखवीत असत. वीस वर्षांनंतर या मुलांचे उत्पन्न अशी मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. घराची आर्थिक स्थिती न बदलताही घरातील व्यवहार बदलता आला होता.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. १९५७ पासून कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली आणि भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेजवळच पाळणाघराची सोय झाली. 'घरी वातावरण नाही' असे म्हणून न थांबता, घराच्या गरजेनुसार शाळेचे रूप बदलण्यात आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव लाभले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने

महाविद्यालयात आलेला विद्यार्थी घर मागे टाकून येत नाही. ॲनेट लारो यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, मध्यमवर्गीय घरांतील मुले संस्थांतील अधिकाऱ्यांशी बोलणे, शंका विचारणे, सवलत मागणे हे घरीच शिकतात; श्रमिक घरांतील मुले संस्थेपुढे संकोचून राहतात. त्यांचे निरीक्षण अमेरिकेतील असले, तरी विभागप्रमुखांच्या दारापाशी घुटमळून परत जाणारा विद्यार्थी येथेही अपरिचित नाही. कुटुंबातील पहिल्या पिढीच्या या विद्यार्थ्याचे मौन हे अनास्थेचे नव्हे, तर अलिखित नियम ठाऊक नसल्याचे लक्षण असू शकते.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. उत्तर कसे लिहावे, शंका केव्हा विचारावी, शिष्यवृत्तीसाठी कोणाकडे जावे, हे नियम सर्वांसमोर उघडपणे सांगावेत. सततच्या अनुपस्थितीचे कारण दंड करण्यापूर्वी विचारावे. ते सुगीचे काम वा घरातील आजारपण असू शकते. मात्र, अशी विचारणा विद्यार्थ्याच्या खाजगी जीवनाची चौकशी होऊ नये. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी छात्राध्यापकांच्या गृहभेटींत घरातील उणिवांच्या नोंदीबरोबरच तेथील ज्ञानाचीही नोंद करण्यास शिकवावे.

समारोप

कौटुंबिक जीवन मुलांच्या अध्ययनाचा व भावनिक विकासाचा पाया घालते, यात संशय नाही. परंतु घर ही एकसंध गोष्ट नाही. प्रतिसाद व संवाद गरीब घरातही विपुल असू शकतात. स्थैर्य व जागा बहुधा उपजीविकेवर अवलंबून असतात. अपेक्षांचे ओझे सधन घरात अधिक जड असू शकते. पहिल्या दोहोंसाठी पालकांना साथ द्यावी लागेल, तिसऱ्यासाठी शासन व संस्थांनी सोयी उभाराव्या लागतील, चौथ्यासाठी समाजाची गुणांविषयीची दृष्टी बदलावी लागेल. कोणत्या विद्यार्थ्याला काय उणे आहे, हे ओळखल्याविना यांतील एकही उपाय लागू करता येत नाही. म्हणून 'घरी वातावरण नाही' हे वाक्य निदान म्हणून अपुरे आहे. त्यापुढे 'म्हणजे नेमके काय नाही, आणि त्यातले संस्थेला काय देता येईल?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.