नव्या घरात बिचकलेलं मांजर

मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिच्या आधारावर बिऱ्हाड हलवताना कित्येक जण मांजर वॉचमनच्या भरवशावर मागे सोडून जातात. जन्मभर फ्लॅटमध्ये राहिलेल्या जिवाला आवारात पोट भरता येत नाही आणि तिथली मांजरं त्याला थारा देत नाहीत. त्याला सोबतच न्यायला हवं.

समजुतीत अर्धं खरं आहे. मांजराला जागेची ओढ असते, कारण जागा ते वासाने ओळखतं. गालांजवळच्या ग्रंथींचा गंध ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला घासून ठेवतं. नव्या घरात यातलं काहीच नसतं, म्हणून ते बावरतं. पण हा वास बरोबर नेता येतो. त्याची गोधडी न धुता न्या, नखं घासायचा जुना खांब टाकून देऊ नका, नव्या लिटरमध्ये मूठभर जुनं मिसळा.

नवं घर फिनेलने लख्ख पुसलं की झालं, असं वाटतं. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. त्याच्या खोलीत फिनेल नकोच.

सगळं घर एकदम दाखवलं की मांजर लवकर रुळतं, हाही गैरसमज. आधी एकच खोली द्या. तिथे खाणं-पाणी, लांबच्या कोपऱ्यात लिटर ट्रे आणि लपायला एक खोका ठेवा. सामान उतरेपर्यंत दार बंद ठेवा. पलंगाखाली बसलं तर ओढून काढू नका. सुरुवातीचे दिवस लपणं स्वाभाविक आहे. न खाणं मात्र चालवून घेऊ नका. दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना विचारा. लठ्ठ मांजराच्या यकृतात उपासाने चरबी साचते. बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. त्यात जीव जातो.

सगळ्यात घातक समज म्हणजे मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि वाचतं. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली, हेच लोक सांगतात. जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात आणलीच जात नाहीत, हे राहून जातं. जगलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला इजा झाली होती, जबडे आणि पाय मोडले होते. ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज निसटतं आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते कुरतडू शकतं. धातूची बारीक जाळी त्याला आणण्याआधीच बसवून घ्या.

इतकं करूनही निसटलं, तर ते जुन्या घरी गेलं असेल असं धरून बसू नका. घरात वाढलेलं मांजर बहुतेकदा जवळच, भेदरून गप्प बसलेलं असतं. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, उभ्या गाड्यांखाली बघा. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च घेऊन पुन्हा जा, नेहमीच्या आवाजात हाक मारा, आणि पहिल्या दिवशी सापडलं नाही म्हणून शोध सोडू नका.